ओल जाताना लाकूड काय करतं

ओल्या लाकडातून कातलेलं गोल भांडं फार दिवस गोल राहत नाही. लेथवरून उतरवताना ते कंपासनं आखल्यासारखं असतं. आठ-पंधरा दिवसांत ते एका बाजूनं दबतं, काठ कुठे उचलला जातो, कुठे झुकतो, आणि महिन्याभरानं पाहावं तर लंबगोल. काम चुकलं असेल तर काठापासून बुडाकडे उतरलेली चीरही दिसते. लाकडाची भांडी करणाऱ्यांपुढे हा पेच हजारो वर्षांपासून आहे. भांडं ताज्या, ओल्या लाकडातून करायचं की लाकूड वाळेपर्यंत थांबायचं? आणि ओल्यातून केलं, तर शेवटचा आकार ठरवायचा कुणी?

या प्रश्नाला वेगवेगळ्या मुलखांनी दिलेली उत्तरं इथे एकत्र पाहायची आहेत. माझा कल आधीच सांगून टाकतो. ओल्या लाकडाच्या बाजूनं मी आहे, आणि वाळताना होणारी वाकवाक दोष मानू नये, असंही मला वाटतं. पण या वादात हत्यारांवर आणि वाळवण्याच्या युक्त्यांवर जितकं बोललं जातं, तितकं झाडाच्या जातीवर बोललं जात नाही, आणि तिथेच निम्मं उत्तर असतं.

आधी लाकडाच्या आत काय घडतं ते पाहू. ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. काही जातींत या पाण्याचं वजन कोरड्या लाकडाच्या वजनापेक्षाही जास्त भरतं. ओला ओंडका उचलताना कंबर धरते ती त्यामुळे. वाळताना पोकळीतलं पाणी आधी जातं. तोवर लाकूड हलकं होतं, पण आकसत नाही. ओल कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण 28 ते 30 टक्क्यांवर आली की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि भिंतींतलं पाणी निघू लागतं. आकसणं सुरू होतं ते इथून.

हे आकसणं सगळीकडून सारखं असतं तर काहीच बिघडलं नसतं. मोठं गोल भांडं छोटं गोल भांडं झालं असतं. पण खोडाच्या उभ्या दिशेनं लाकूड जवळजवळ आकसतच नाही, हजार भागांत एक-दोन भाग. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं सरासरी 4 टक्के आकसतं, आणि वाढीच्या वलयांना धरून जाणाऱ्या दिशेनं सुमारे 8 टक्के. हे आकडे लाकूड भट्टीत पूर्ण कोरडं केल्यावरचे. घरातल्या हवेत लाकडात थोडी ओल राहतेच, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या दोन-तृतीयांश धरावं. तरीही 30 सेंटिमीटर व्यासाचं भांडं तंतूंच्या आडव्या दिशेनं दीड सेंटिमीटरनं अरुंद होऊ शकतं, आणि तंतूंच्या दिशेनं होतं तेवढंच राहतं. लंबगोल येतो तो असा.

चीर का पडते तेही याच हिशेबातून कळतं. अख्ख्या ओंडक्याचा घेर 8 टक्के आणि त्रिज्या 4 टक्के आकसली, तर घेर त्रिज्येला पुरत नाही. गणित केलं तर पूर्ण वर्तुळात सुमारे 15 अंशांची तूट येते. ती भरून काढायला लाकूड कुठेतरी फाटतंच, आणि फाटतं ते मधल्या भेंडापासून सालीकडे. घरामागे पडून राहिलेल्या कुठल्याही ओंडक्याच्या तोंडावर ही पाचर कापल्यासारखी भेग पाहायला मिळते. म्हणून ओल्या लाकडाचं भांडं करणारा जगात कुठेही असो, त्याचं पहिलं काम एकच: ओंडका मधोमध फाडायचा आणि भेंड काढून टाकायचं. भेंड गेलं की राहिलेल्या अर्ध्या भागाला आकसायला मोकळीक मिळते. तो वाकतो, पण फाटेलच असं नाही.

मग इतका त्रास असताना ओलं लाकूड घ्यायचंच कशाला? कारण वाळलेल्या लाकडाचं मोठं भांडं करणं बहुतेक वेळा शक्यच नसतं. जाड लाकूड वाळायला वर्षं लागतात. इंचाला एक वर्ष, असा कारागिरांचा ढोबळ हिशेब आहे, आणि खूप जाड ठोकळा बाहेरून वाळून आकसतो तेव्हा आतून ओला असतो, त्यामुळे वाळतानाच फुटतो. 15 सेंटिमीटर खोल भांड्याला पुरेल असा वाळलेला, न फुटलेला ठोकळा वखारीत सापडत नाही. दुसरं कारण हाताला कळणारं. ओलं लाकूड लोण्यासारखं कापलं जातं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण काकडीसारखं नक्की. लांबलचक ओल्या फिती निघतात, धूळ उडत नाही. वाळलेलं लाकूड कातताना आणि घासताना उडणारी बारीक भुकटी छातीत साठते; ओल्या कामात हा धोका फार कमी. यंत्र नसलेल्या काळात, पायानं किंवा दोरीनं फिरवायच्या लेथवर, वाळलेलं कठीण लाकूड दिवसभर कातणं माणसाच्या ताकदीबाहेरचं होतं. बहुतेक जुन्या परंपरा ओल्या लाकडाच्या आहेत, त्यामागे सौंदर्याचा विचार नसून श्रमांचा आहे.

लेथ जुना आहे. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी 300 च्या आसपास बांधलेल्या पेटोसिरिसच्या थडग्यातल्या शिल्पपटात तो दिसतो: एक माणूस दोरी ओढून लाकूड फिरवतोय, दुसरा हत्यार धरून काततोय. युरोपात पुढे लवचिक काठीला दोरी बांधून पायानं दाबायचा लेथ आला. 1545 मध्ये बुडालेलं आणि 1982 मध्ये समुद्रातून वर काढलेलं 'मेरी रोझ' हे इंग्लंडच्या राजाचं युद्धजहाज पाहिलं, तर खलाशांची जेवणाची भांडी लाकडाची, कातलेली. धातू महाग होता, चिनी माती दूर होती. बहुतेक माणसं लाकडातच जेवत. इंग्लंडमध्ये असा पायाचा लेथ चालवून पोट भरणारा जॉर्ज लेली हा शेवटचा कारागीर मानला जातो. बकलबरी गावच्या माळावर राहून तो एल्मच्या लाकडाची भांडी करायचा, आकडीसारखं वाकवलेलं हत्यार वापरून एका ठोकळ्यातून एकाच्या आत एक अशी अनेक भांडी काढायचा. मधलं लाकूड भुस्सा होऊन वाया जात नसे. 1958 मध्ये तो वारला. त्याचा लेथ रेडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयात आहे. काही दशकांनी रॉबिन वुड या तरुणानं तो लेथ बघून, हत्यारं स्वतः ठोकून, ती विद्या पुन्हा उभी केली. परंपरा तुटली असतानाही वस्तू जपून ठेवलेली असेल तर हात परत शिकू शकतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आपल्या देशात ओल्या लाकडाच्या कातीव भांड्यांचं घर हिमालयात आहे. कुमाऊँमधले चुनेरा आणि पश्चिम नेपाळमधले चुनारा हे कातारी लोक. ओढ्याकाठी पाण्याच्या धारेवर लाकडी चक्र बसवून ते लेथ फिरवत. वीज नाही, बैल नाही, वाहतं पाणी. त्यातून ठेकी घडे: दही लावायचं, ताक ठेवायचं, पोटाला फुगीर आणि तोंडाला निमुळतं भांडं. तुपाची हडपी, धान्य मोजायची नाली, माणा, हेही त्याच लेथवरचे. नाली या मापाचा मान केवढा होता पाहा: एक नाली बियाणं जितक्या जमिनीत पेरता येईल तितक्या जमिनीला कुमाऊँ-गढवालात आजही 'एक नाली' म्हणतात.

ठेकीसाठी दोन लाकडं आवडीची, गेठी आणि सांदण. सांदण म्हणजे आपल्या सातपुड्यातला आणि सह्याद्रीतला तिवस. ठेकीबद्दल मला भावते ती गोष्ट अशी की हे भांडं आयुष्यभर पूर्ण वाळतच नाही. ओल्या लाकडातून घडतं, लगेच त्यात दही-ताक जातं, धुतलं जातं, पुन्हा भरतं. लाकडाला जी ओल सोडायची ती सावकाश सुटते, वर स्निग्धांश आत मुरत राहतो. वाळवण्याचा प्रश्न कारागिरानं सोडवलेला नाही. भांडं ज्या घरात गेलं त्या घराच्या रोजच्या वापरानं सोडवला आहे. आज दही स्टीलच्या डब्यात लागतं आणि चक्र बसवलेले ओढेही फार थोडे उरलेत.

नेपाळच्या पश्चिमेकडच्या जंगलांत फिरणारे राउटे लोक तर लेथही वापरत नाहीत. ताज्या तोडलेल्या झाडातून वाकसासारख्या हत्यारानं पेटारे आणि कटोरे कोरायचे, ते गावात देऊन धान्य घ्यायचं, आणि पुढच्या जंगलाकडे निघायचं. त्यांचे नातेवाईक समजले जाणारे, पिथोरागडकडचे राजी किंवा वनरावत, एके काळी मुका व्यापार करत: कोरलेलं भांडं रात्री कुणाच्या दारात ठेवून जायचं आणि मोबदल्यात ठेवलेलं धान्य नंतर येऊन न्यायचं. भटक्या माणसाला लाकूड वर्षभर वाळवत ठेवायची सोयच नसते. त्याचं भांडं ओलंच असणार.

घाई नसलेल्यांनी दुसरा मार्ग काढला: अर्धं काम ओल्यात, अर्धं वाळल्यावर. ओल्या ठोकळ्यातून भांडं जाडसर कातून ठेवायचं. भिंतीची जाडी व्यासाच्या साधारण एक-दशांश, म्हणजे 30 सेंटिमीटरच्या भांड्याला 3 सेंटिमीटर. मग ते सावलीत, वाऱ्याच्या झोताबाहेर, कागदात गुंडाळून किंवा त्याच्याच भुश्श्यात पुरून महिनोन्‌महिने ठेवायचं. दर आठवड्याला वजन करायचं. वजन घटायचं थांबलं की लाकूड वाळलं. तोवर ते वाकून लंबगोल झालेलं असतं, पण भिंत जाड असल्यानं आत खरं वर्तुळ शिल्लक असतं. ते पुन्हा लेथवर चढवून पातळ आणि गोल करायचं.

या पद्धतीला सर्वांत वर नेलं जपाननं. तिथल्या कातारींची, किजिशींची, परंपरा इतकी अभिमानी आहे की ती नवव्या शतकातल्या कोरेताका या राजपुत्राला आपला मूळपुरुष मानते. आठव्या शतकात, 764 ते 770 या वर्षांत, सम्राज्ञी शोतोकूच्या आज्ञेनं दहा लाख छोटी लाकडी स्तूपमंदिरं लेथवर कातली गेली आणि प्रत्येकात छापील बौद्ध मंत्राची पट्टी ठेवली गेली. त्यांतली हजारो आजही होर्यू-जी मंदिरात आहेत. यामानाका गावचे कारागीर जाडसर कातलेले वाडगे धुरात वाळवतात, आणि तो धूर कातताना पडलेल्या ढलप्या जाळून केलेला असतो. त्यानंतर हवेतली ओल थोडी परत मुरू देतात, मगच शेवटचं कातणं. इतकी काळजी का, तर वर लाखेसारखा रोगण चढायचा असतो. खालचं लाकूड हललं तर वरचा थर तडकणार. वस्तू अखेर गोल, गुळगुळीत आणि निश्चल हवी, असं जिथे ठरलेलं आहे, तिथे दोनदा कातण्याला पर्याय नाही.

आपल्याकडचं लाखकाम याच गटात बसतं. कच्छमधल्या निरोण्याचे वाढा कारागीर हातानं दोरी ओढून लाकूड फिरवतात आणि लाखेची कांडी त्यावर टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून चढते. चन्नपट्टणचे खेळणी करणारे हाळे लाकूड वापरतात, म्हणजे आपला काळा कुडा. ते महिनोन्‌महिने वाळवूनच लेथवर येतं. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं आणि खेळणी पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडातून होतात. लाख असो की रंग, तो ओल्या लाकडावर टिकत नाही; आतली ओल बाहेर यायला पाहते आणि थर सोलून निघतो. भारतीय कातकाम बहुतांशी वाळल्या लाकडाचं झालं ते या रंगामुळे, असं मला वाटतं. रंगानं आपल्याला खूप दिलं. पण लाकडाचा स्वतःचा चेहरा त्याखाली झाकला गेला, आणि ओल्या लाकडाशी बोलायची सवय मैदानी प्रदेशातल्या कातारीला कधी लागलीच नाही.

कोरीवकामाचं तसं नाही. कातणाऱ्याला वर्तुळ हवं असतं, कोरणाऱ्याला वर्तुळाची सक्ती नसते. अर्धा फाडलेला ओंडका नैसर्गिकपणे लांबट असतो, म्हणून जगभरची कोरीव भांडी लांबट आहेत: टोकांकडे तंतू आडवे तुटतात तिथे भिंत जाड ठेवायची, बाजूंना पातळ. तोंड गाभ्याकडे ठेवलं तर वाळताना दोन्ही बाजू किंचित खाली झुकतात. सालीकडे ठेवलं तर वर उचलल्या जातात, नावेच्या काठासारख्या. स्वीडनमधल्या खेड्यांत कणीक मळायच्या अशा मोठ्या परड्या घरोघरी होत्या. विल्ले सुंदक्विस्त या शिक्षकानं हे ज्ञान पुस्तकात आणलं, आणि अमेरिकेत जेनी अलेक्झांडर यांच्या 1978 च्या, झाडापासून खुर्ची करण्याच्या पुस्तकानंतर ओल्या लाकडाचं काम हा शहरी माणसांचाही ध्यास बनला. उत्तरेकडच्या सामी लोकांचा गुक्सी हा पेला बर्च झाडाच्या गाठीतून कोरतात. गाठीत तंतू सगळीकडे गुंतलेले असल्यामुळे फाटायला सरळ वाटच मिळत नाही. वर तो मिठाच्या पाण्यात उकळतात.

कणीक मळायचं लाकडी भांडं आपल्याकडेही आहे, काठवट. कुणी काथवट म्हणतं. संत रविदासांच्या नावाशी जोडलेल्या म्हणीतली कठौती तीच. एका अखंड लाकडातून कोरलेली, परातीसारखी पसरट. तिच्यात पीठ मळायचं आणि भाकरी थापायची. आमच्या घरची काठवट रोज पिठाची आणि पाण्याची सोबत असताना वर्षानुवर्षं धड होती. घर बदललं, स्टीलची परात आली, काठवट पत्र्याखालच्या माळ्यावर गेली. एका उन्हाळ्यात तिला काठापासून वीतभर तडा गेला. तेव्हा वाटलं होतं, जुनी झाली म्हणून फुटली. आता कळतं की ती वापराबाहेर गेली म्हणून फुटली. भाकरीच्या हाताची ओल मिळत होती तोवर तिच्या लाकडाचा तोल टिकून होता.

तडा गेलेल्या भांड्याचं काय करायचं, याचं सर्वांत सुंदर उत्तर हवाई बेटांनी दिलं आहे. तिथली उमेके ही कोरीव भांडी कोऊ आणि मिलो या लाकडांची. मिलो म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यावरचा परसपिंपळ. भांड्याला चीर पडली की तिच्यावर आडवा, दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये बारीक असा लाकडी तुकडा बसवत. फुलपाखरासारख्या या ठिगळाला पेवा म्हणतात. पेवा बसवलेलं भांडं कमी किमतीचं होत नसे. जितके पेवे जास्त, तितकं ते भांडं जपलं गेल्याची खूण. एका घराण्याकडून दुसऱ्याकडे गेलेल्या उमेकेवर दहा-दहा पेवे दिसतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही कारागीर एका वेगळ्या वाटेला लागले. भांडं जेवणासाठी नको, पाहण्यासाठी हवं, असं झालं की गोलपणाचं बंधन ढिलं होतं. अमेरिकेत डेव्हिड एल्सवर्थ यांनी 1970 च्या दशकात बाकदार हत्यारं करून, बोटभर तोंडातून आत जाऊन, आतला सगळा गाभा पोकळ करायला सुरुवात केली. भिंत काही मिलिमीटरची. इतक्या पातळ भिंतीत ओल आत-बाहेर एकदमच सुटते, ताण साचायला जाडीच नसते, आणि भिंत फुटण्याऐवजी लवते. ओल्या लाकडाचं हे दुसरं रहस्य आहे: नुसत्या जाडीपेक्षा धोका असमान जाडीत आहे. सगळीकडे 4 मिलिमीटर असेल तर भांडं टिकतं. कुठे 4 आणि बुडाशी 20 असेल तर ते बुडाशी फुटतं. रॉन केंट यांनी हवाईत नॉरफोक पाइनचे वाडगे इतके पातळ कातले की दिव्यापुढे धरले तर उजेड आरपार येतो. ख्रिस्तियन बुर्शार्ड यांनी मद्रोन झाडाच्या मुळाच्या गाठीतून कातलेली पातळ भांडी वाळताना अशी चुरगळतात की कापडाची वाटावीत. मद्रोन फार आकसतं, म्हणूनच त्यांनी ते निवडलं.

आयर्लंडच्या लियम फ्लिन यांचं काम मला या सगळ्यांत जवळचं. ओल्या ओकमधून कातायचं, काठाला आतून दुसरी कड ठेवायची, बाहेरून उभ्या खोबणी कोरायच्या, आणि मग वाळू द्यायचं. कातताना सरळ असलेल्या रेषा वाकतात. डोळ्याला मात्र ते वाकडेपण न वाटता श्वास घेतल्यासारखं वाटतं. काही भांडी ते काळी करत. ओकमध्ये टॅनिन असतं, त्यावर लोखंडाचं पाणी लावलं की लाकूड काळं पडतं. हिरड्याच्या काढ्यात लोखंड टाकून शाई करणाऱ्या आपल्या लेखनिकांना यात नवं काही वाटलं नसतं. बाभूळ आणि जांभळाच्या लाकडावर आपल्याकडे हाच प्रयोग सहज करता येईल. फ्लिन 2017 मध्ये वारले. त्याच वर्षी लोएवे प्रतिष्ठानचा पहिला हस्तकला पुरस्कार जर्मनीच्या अर्न्स्ट गाम्पर्ल यांना मिळाला, वादळात उन्मळलेल्या एका जुन्या ओकमधून ओलं कातलेल्या प्रचंड भांड्याला. वाळताना पडलेल्या चिरा ते लपवत नाहीत, लाकडी पाचरांनी शिवतात. पेव्याची आठवण येते. कापड, माती, काच यांच्या शेजारी लाकडाचं वाकलेलं भांडं पहिलं आलं, ही गोष्ट कारागिरांनी फार मनावर घेतली, आणि घ्यावी अशीच ती आहे.

मधल्या काळात रसायनाचाही एक मार्ग येऊन गेला. पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या पदार्थाच्या द्रावणात ओलं लाकूड भिजत ठेवलं की तो पाण्याच्या जागी पेशींच्या भिंतींत जाऊन बसतो आणि लाकूड आकसतच नाही. 1628 मध्ये बुडालेलं 'वासा' हे स्वीडिश जहाज 1961 मध्ये वर काढल्यावर त्याच्यावर याच पदार्थाचा फवारा 17 वर्षं मारला गेला. नाहीतर ते वाळून भुगा झालं असतं. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक कातारींनी भांड्यांसाठीही हे वापरलं. पण लाकूड चिकट, मेणचट लागतं, तेल-वार्निश नीट धरत नाही, आणि भांड्यात खायचं-प्यायचं तर विचारच नको. बुडालेल्या जहाजाला जे योग्य, ते वाडग्याला नाही.

आता झाडाच्या जातीकडे. वर दिलेले 4 आणि 8 टक्के ही सरासरी आहे. जातींमधला फरक प्रचंड. बीचसारखं लाकूड वलयांच्या दिशेनं जवळजवळ 12 टक्के आकसतं, साग 6 टक्क्यांच्या आतच. सागाची ख्याती टिकाऊपणासाठी आहे, पण सुतार त्याला मान देतात ते तो जागचा हलत नाही म्हणून. दोन दिशांमधला फरक जितका कमी, तितकं भांडं गोल राहतं आणि चीर दूर राहते. ओल्या कामासाठी झाड निवडताना हे दोन आकडे बघायचे, बाकी रंग-रेषा नंतर.

आणि या दोन आकड्यांवर जगातल्या उत्तम झाडांपैकी एक मुंबईच्या रस्त्यांवर उभं आहे: वर्षावृक्ष. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे सावलीसाठी लावलेला, छत्रीसारख्या फांद्यांचा. पूर्ण वाळताना तो त्रिज्येच्या दिशेनं सुमारे 2 टक्के आणि वलयांच्या दिशेनं साडेतीन टक्क्यांच्या आत आकसतो. त्यामुळे त्याचं भांडं ओल्यातूनच कातावं, कोरावं, थेट पूर्ण करावं. फारसं बिघडत नाही. हवाईत विसाव्या शतकाच्या मध्यावर वर्षावृक्षाच्या वाडग्यांचा मोठा धंदा उभा राहिला, पुढे तो फिलिपिन्सकडेही गेला. गडद तपकिरी गाभा आणि त्याभोवती पिवळट कड, असे ते वाडगे जगभर गेले.

मुंबईत मात्र या झाडाचं लाकूड जळणापलीकडे फारसं जात नाही. पिठ्या ढेकणानं बरेच वर्षावृक्ष वाळले, आणि दर पावसाळ्यात वादळी वाऱ्यात काही पडतात. त्यांत आंबा, फणस, गुलमोहर, शिरीष हेही असतात. 1975 च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्रे वृक्ष अधिनियमानं शहरातलं उभं झाड तोडायला परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. पण पडलेल्या झाडाबद्दल प्रश्न उरतो तो फक्त रस्ता मोकळा करण्याचा. ओंडके ट्रकमध्ये मावतील असे, हातभर लांबीचे, आडवे कापले जातात, अख्खे, भेंडासकट. भांडं करणाऱ्याच्या दृष्टीनं याहून वाईट काप नाही. दोन्ही तोंडं उघडी, मध्ये भेंड, लांबी इतकी कमी की टोकांकडच्या चिरा मध्यापर्यंत पोचतात. वखारीत जाईपर्यंत लाकूड गेलेलं असतं.

पुण्या-मुंबईत आता लेथ घेऊन हौसेनं कातणारी माणसं आहेत. अमेरिकेत किंवा युरोपात शिकून आलेली काही मराठी मुलंमुलीही त्यांत आहेत. त्यांना हवे असतात ते व्यासापेक्षा लांब ठेवलेले ओंडके, शक्यतो त्याच दिवशी भेंडातून उभे फाडलेले. टोकांना वितळवलेलं मेण किंवा निदान जाड रंग लावायचा, आणि सावलीत, जमिनीपासून उंच ठेवायचे. कोकणात पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: आंब्याचं पांढरं लाकूड आठवड्यात बुरशीनं निळं पडतं, भुंगे पोखरू लागतात. अमेरिकेत मार्क लिंडक्विस्त आणि त्यांच्या वडिलांनी बुरशीनं काढलेल्या काळ्या रेषांच्या लाकडालाच कलेचा दर्जा मिळवून दिला, त्यामुळे निळं आंबा लाकूड फेकायलाच हवं असंही नाही. पण बुरशी हवी तिथे थांबवायची, तर वेळेवर कातायला हवं.

वेळ फार थोडा असतो. मे महिन्याच्या अवकाळी वादळात सकाळी पडलेल्या झाडाच्या कापलेल्या तोंडावर दुपारच्या उन्हात पाणी सुकलं की मधल्या ठिपक्याभोवती केसाएवढ्या चिरा दिसू लागतात.